उन्हाळ्यातली मरळ, बोटीचं पेट्रोल अन् बासवाले व्हिडिओ: आपल्याकडे नेमकं काय चालते?

गळवाला_मानेवाडा

नमस्कार भाऊ लोक, पोस्ट जरा लांब आहे पण पूर्ण वाचा अन् मग सांगा. आम्ही चौघं मित्र मानेवाडा-बेसा भागातले, हिवाळ्यात वर्गणी करून एक सेकंडहँड फायबरची बोट घेतली, चौदा फुटी, सोबत 9.9 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन अन् ट्रेलर. हिवाळाभर मस्त चाललं. एप्रिल लागला अन् सगळं थंड पडलं. मासोळी धरतच नाही. मच्छीमार संस्थेची पावती फाडून जातो, कुठं लपून-छपून नाही, मकरधोकडा तलाव, वडगाव धरण, कधी पवनीकडे गोसीखुर्द धरण.

आता आम्ही सगळे यूट्यूबवर अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ पाहून शिकलेलो, बास म्हणजे तिकडची शिकारी मासोळी. ते सांगतात की उन्हाळ्यात पहाटे वर खेळा, ऊन चढलं की खोल जा, पाण्यात शिरलेली जमिनीची टोकं पाहा, बुडालेले नाले पाहा, खोल जाणारा क्रँकबेट, म्हणजे माशासारखं नकली आमिष, ओढा, एका जागी नाही लागलं तर इंजिन मारून दुसऱ्या जागी जा. आम्ही तसंच करून राह्यलो. तीन-चार जागा बदलतो, अर्धा दिवस पाण्यावर फिरतो, मरळ तर दूरच, चिलापी पण नीट लागत नाही अन् घरी येईपर्यंत डोकं भणभण करते.

दुसरं दुखणं पेट्रोलचं. 2020 च्या सुरुवातीला लिटर ऐंशीच्या घरात होतं, 2022 च्या उन्हाळ्यात एकशेवीसपर्यंत गेलं, मग केंद्राने मे महिन्यात आठ रुपये अन् राज्याने जुलैत पाच रुपये कमी केले, पण शंभराच्या खाली काही आलं नाही. वरून टू-स्ट्रोकचं ऑइल वेगळं. चौघात वाटलं तरी एका रविवारचा खर्च पाहून घरचे विचारतात की एवढ्यात तर बाजारातून किलोकिलो मरळ आली असती. खरंच आहे ते, पण आम्हाला पाण्यावर जायचं आहे, हा नाद सोडायचा नाही.

तर प्रश्न असा की हे बासचं तंत्र आपल्या मरळीला उन्हाळ्यात लागू पडते का, अन् पेट्रोल कुठं वाचवता येईल. कोणी बॅटरीवाली मोटर लावली असेल तर तेही सांगा.

---

धरमपेठ_ते_डलास

भाऊ, मी मूळचा धरमपेठचा, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये. बास भरपूर पकडले आहेत म्हणून आधी हे सांगतो की ते व्हिडिओवाले खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांची मासोळी वेगळी अन् पाणी वेगळं.

लार्जमाउथ बासला साधारण 18 ते 27 अंशाचं पाणी आवडते. इथं जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी तिशीच्या पार जाते. मोठे खोल तलाव असतात, उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, वर गरम, खाली थंड, अन् मध्ये एक पट्टा असतो जिथं तापमान एकदम उतरते, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. पट्ट्याच्या वर प्राणवायू असतो, खाली उन्हाळाभर नवीन हवा पोचत नाही म्हणून तो संपत जातो. बास मग त्या पट्ट्याच्या थोडा वर, एखाद्या उंचवट्यावर, जुन्या नाल्याच्या काठावर, बुडालेल्या झाडाजवळ येऊन थांबतो. म्हणून दिवसा खोल क्रँकबेट, नाहीतर तळाशी वजन टाकून लांब दोरीवर रबरी किडा, ज्याला कॅरोलिना रिग म्हणतात. पहाटे अन् संध्याकाळी तोच बास लहान मासे खायला वर येतो तेव्हा पाण्यावर चालणारं नकली आमिष, पॉपर. टेक्सासमध्ये तर उन्हाळ्यात बरेच जण रात्रीच जातात. दिवसा काठावर बास सापडतो तो एकतर लाकडी धक्क्याच्या सावलीत नाहीतर दाट वनस्पतीच्या छपराखाली, तिथं जड वजन लावून छप्पर फोडून गळ खाली सोडावा लागतो. यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेव, तुझ्या कामाची तीच आहे.

आता पेट्रोल. इथल्या बास बोटीला 200-250 हॉर्सपॉवरचं इंजिन असते. ढोबळ हिशोब असा की पूर्ण थ्रॉटलला जेवढे हॉर्सपॉवर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे गॅलन तासाला. म्हणजे 200 च्या इंजिनाला तासाला 20 गॅलन, आपले 75 लिटर. जून 2022 मध्ये अमेरिकेत सरासरी भाव पहिल्यांदा गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला, तेव्हा पूर्ण थ्रॉटलचा एक तास शंभर डॉलरला पडत होता. तलावाच्या धक्क्यावरच्या पंपाला भाव आणखी जास्त असतो, म्हणून लोक गावातूनच टाकी भरून आणतात. त्या वर्षी माझ्या ओळखीच्या लोकांनी पद्धतच बदलली. पूर्ण तलाव पालथा घालायचा सोडून एकच खाडी धरायची, नकाशावर आधी अभ्यास करायचा, एकदा इंजिन मारून पोचायचं अन् मग दिवसभर पुढच्या इलेक्ट्रिक मोटरवर हळूहळू सरकायचं. बास कमी नाही झाले, उलट जागा नीट कळायला लागली.

लेक फोर्कसारखा तलाव 27,000 एकराचा आहे, 1992 मधला टेक्सासचा 18.18 पाउंडचा विक्रमी बास तिथलाच. एवढ्या पाण्यात फिरायला इंजिन पाहिजेच. मकरधोकड्यात कशाला पाहिजे ते मला नाही समजलं.

---

हरदासनगर

बास इकडे आणून आपल्या तलावात सोडता नाही का येणार? थंड पाणी लागते म्हणता पण इकडे हिवाळ्यात वाढेल ना.

---

पाण्यातला_प्राणवायू

@हरदासनगर नाही. कृपा करून हा विचार कोणी डोक्यात पण आणू नका. बाहेरून आणलेल्या थाई मांगूर मासोळीचं काय झालं ते आठवा, 2000 मध्ये बंदी घातली तरी आजपर्यंत नद्या-तलावांतून निघून राह्यला अन् आपली लहान मासोळी खाऊन राह्यला. बाहेरची शिकारी मासोळी एकदा सुटली की परत काढता येत नाही. आपल्याकडे मरळ आहे, शिंगाळा आहे, वाम आहे, यांनाच जगू द्या.

आता मूळ प्रश्नाकडे. मी मत्स्यशास्त्र शिकलेली आहे, फुटाळा तलावाजवळच्या कॉलेजात, म्हणून यावर बोलायचा मोह आवरत नाही. धरमपेठवाल्या दादांनी बासचं सगळं बरोबर सांगितलं, मरळीचं गणित मात्र उलटं आहे. बास कल्ल्यांनी श्वास घेतो, पाण्यात विरघळलेला प्राणवायू हाच त्याचा आधार. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसात, 35 ला सातच्याही खाली. म्हणजे पाणी तापलं की मासोळीची भूक वाढते, श्वास वाढतो अन् हवा कमी पडते. म्हणून बास खोल जातो. रोहू-कटल्याचंही तसंच, फक्त आपल्याकडे खोल जायला जागाच नसते. मे महिन्यात आपले बहुतेक लहान तलाव दोन-तीन मीटरवर येतात, दुपारचा वारा ते सगळं पाणी घुसळून टाकते, तिथं बासवाला थर काही टिकत नाही. मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, क्रँकबेट खोल ओढणं म्हणजे गाळ ओढणं आहे.

मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेची एक पोकळी असते, ती पाण्याबाहेरची हवा तोंडाने गिळते. अन् ही तिची सोय नाही, गरज आहे, तिला वर येऊच दिलं नाही तर ती पाण्यात गुदमरून मरते. दर काही मिनिटांनी तिला वर यावंच लागते, पाणी जेवढं गरम तेवढं जास्त वेळा. म्हणून जिथं बाकीची मासोळी तडफडते तिथं मरळ आरामात राह्यते, उथळात, कमळाच्या पानाखाली, जलपर्णीच्या कडेला, बेशरमाच्या झुडपात, अगदी गुडघाभर पाण्यात. पाणी पूर्ण आटलं तर ओल्या चिखलातही बरेच दिवस तग धरते.

म्हणजे तुम्ही चौघं बोट घेऊन धरणाच्या मध्यात जाता, अन् मरळ तुम्ही जिथं ट्रेलर लावला तिथून पन्नास पावलांवर काठाच्या गवतात बसलेली असते.

आणखी एक. पहाटेची वेळ चांगली म्हणतात ती बासला, अन् मरळीलाही, पण कटल्या-रोहूला उन्हाळ्यात पहाट सगळ्यात वाईट. रात्रभर वनस्पती अन् शेवाळ प्राणवायू ओढतात, बनवत नाहीत, म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. पहाटे कटला पृष्ठभागावर तोंड काढून हवा पिताना दिसला तर ती खायला वर आली असं समजू नका, ती संकटात आहे. तेव्हा तिथं गळ टाकू नका, इंजिन फिरवू नका, अन् संस्थेच्या माणसाला लगेच फोन करा म्हणजे ते पंप लावून पाणी उडवू शकतील. शहरातल्या तलावांत उन्हाळ्यात मासोळ्या मरून तरंगतात त्यामागे बरेचदा हेच असते, वरून सांडपाणी येते ते वेगळं.

---

वैनगंगाकाठ

मी पवनी तालुक्यातला, घरी पिढ्यान्पिढ्या मासोळीचाच धंदा, आमी ढिवर. ताईनं मरळीचं जे सांगितलं ते आमच्या आज्यालेही मालूम होतं, पोकळीचं नाव मालूम नसन पन मरळ हवा प्यायले वर येते हे पाहूनच तर तिले पकडत. पानी शांत असलं अन् गुळ्ळ असा आवाज आला की समजायचं. बुडबुडे एका ओळीत गेले तर ती कोन्या दिशेनं गेली तेही समजते.

पेट्रोलचं मी सांगतो कारन आमचं पोट त्याच्यावर आहे. गोसीखुर्द भरलं नव्हतं तवा नदी होती, डोंगा म्हनजे लहान होडी अन् वल्हं पुरत होतं, सकाळी जाळं उचलून नऊले घरी. आता पानी एवढं पसरलं की वाऱ्यात वल्हं मारून जाळ्यापर्यंत पोचनंच होत नाई, लाटा उठतात, म्हनून लोकाईनं लहान इंजिनं घेतली. रोजचं दोन-अडीच लिटर जाते. मासोळी मिळो न मिळो, ते जातेच. ज्या दिवशी जाळ्यात दोन किलो आलं त्या दिवशी मजुरी गेली पेट्रोलात. समुद्रावरच्या डिझेल बोटवाल्याले व्हॅटचा परतावा हाय, आमच्या पेट्रोलच्या लहान इंजिनाले तसं काई नाई. 2025 च्या एप्रिलमदी सरकारनं मासेमारीले शेतीचा दर्जा द्याचं ठरवलं, चांगलं झालं, पन इंधनाचं काई झालं पायजे ही आमची मागनी राह्यलीच हाय.

अन् वरून नागनदीचं घान पानी कन्हानातून वैनगंगेत येऊन इथंच थांबते. उन्हाळ्यात पानी कमी झालं की त्याचा वास येते, जाळ्याले काळा चिकट गाळ लागते. नागपूरवाल्या भावांनो हे तुमच्याच शहरातून येते, तिकडंही जरा आवाज उठवा.

तुमाले एक सांगतो, रागानं नाई, आपुलकीनं. तुमी लोक मोठ्या हौसेनं इंजिन मारत येता अन् आमची उभी जाळी पंख्यात गुंतते. जाळं फाटलं की हजारोंचं नुकसान, अन् तुमचंही इंजिन बंद पडते ते वेगळंच. पान्यावर प्लास्टिकच्या बाटल्या नाईतर थर्माकोलचे तुकडे एका ओळीत दिसले की ते जाळं समजजा, दूरून जाजा, नाईतर इंजिन वर उचलून वल्ह्यानं पार करजा. बुडालेल्या बाभळीची खोडं बी हायेत, उन्हाळ्यात पानी उतरलं की पान्याच्या वीतभर खाली राह्यतात, दिसत नाई. तिथं जोरात गेलं तर फायबर फुटते.

त्यापेक्षा असं करा. गोसीले याचं असलं तर तुमची बोट आनूच नका. गावातला डोंगावाला पहाटे साडेचारले भेटून जाते, त्याले दिवसाची मजुरी द्या, जागा त्याले मालूम, जाळी कुठं हायेत ते मालूम, वारा कवा सुटन ते मालूम. तुमचं पेट्रोल वाचन अन् त्याचीबी रोजी होईन. चौघं असान तर दोन डोंगे घ्या, एकात दोघांच्या वर बसू नका.

---

खिंडसीकर

वैनगंगाकाठ दादांचं पूर्ण पटलं. मी रामटेकचा, काठावरूनच मरळ खेळतो, बोट नाहीच. उन्हाळ्यात कसं करायचं ते लिहितो.

वेळ पहिले. मे अखेरीला आपल्याकडे साडेपाचला सूर्य निघते, तुम्ही पाचला काठावर उभे पाहिजे. आठ-साडेआठला आवरा. संध्याकाळी साडेपाचनंतर अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात घरी झोपा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, 45 अंशात फायबरच्या बोटीत बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, वरून ऊन अन् खालून पाण्याची तिरीप. डोकं भणभणते म्हणालात ना, ते ऊन लागणंच आहे, त्याला हलकं घेऊ नका. ओला दुपट्टा, पाणी, ओआरएसची पाकिटं, अन् कोणाचा घाम बंद होऊन अंग गरम लागलं किंवा तो बरळायला लागला की तडक दवाखाना, सावलीत बसवून वाट पाहत राहायचं नाही.

सामान: सहा-साडेसहा-सात फुटाचा कडक रॉड, 40-50 पाउंडची ब्रेडेड लाइन म्हणजे विणलेली दोरी, अन् रबरी बेडूक ज्याचे दोन्ही गळ पोटाला चिकटून वर वळलेले असतात म्हणजे गवतात अडकत नाही. बस. क्रँकबेटचा डबा घरी ठेवा, उघडे गळ गवतात गुंततील अन् दोरी तोडावी लागेल.

काठावर पाय आपटत जाऊ नका, मरळीला जमिनीची धमक समजते. दहा पावलं मागून पहिला फेक. आधी पाच मिनिटं नुसतं पाहा, कुठं हवा घेतली, कुठं पान हललं. तिने जिथं हवा घेतली त्याच्या पलीकडे तीन-चार फूट बेडूक टाका, डोक्यावर नाही, डोक्यावर पडला की ती जाते. मग गवतावरून हळू ओढत आणा अन् जिथं गवतात मोकळी जागा आहे, ताटाएवढी का असेना, तिथं थांबवा. थांबवायचं म्हणजे खरंच थांबवायचं, मनात दहा मोजा, मग नुसती बोटाची थरथर. बहुतेक हल्ले त्या थांबलेल्या वेळात होतात. उन्हाळ्यात घाईने ओढणारे लोक रिकामे जातात.

पाणी उडालं म्हणून लगेच झटका देऊ नका, बेडूक तिच्या तोंडातून निसटते. दोरी चालायला लागली, वजन हाताला लागलं की मग पूर्ण ताकदीने झटका अन् लगेच रील, दोरी ढिली पडता कामा नये, नाहीतर ती गवताच्या मुळात शिरते अन् मग कोणाचा बाप आला तरी निघत नाही.

ऊन चढल्यावरही खेळायचंच असेल तर दाट जलपर्णीच्या सावलीची कड, टेक्सासवाल्या दादाने छप्पर म्हटलं ना, तीच जागा. आपली मरळ अन् त्यांचा बास तिथं एकसारखे वागतात.

एक फुटाच्या आतली मरळ परत सोडा, तिने बरेचदा अजून अंडी घातलेली नसतात. सोडताना हात ओले करून पकडा, तापलेल्या खडकावर ठेवून फोटो काढत बसू नका. अन् पाऊस लागला की लालसर पिल्लांचा घोळका दिसते पाण्यावर, उकळल्यासारखं पाणी होते, त्याच्या खाली त्यांची राखण करणारी मोठी मरळ असते. ती हमखास हल्ला करते, अन् म्हणूनच तिच्यावर गळ टाकायचा नाही. ती गेली की घोळका बाकीच्या मासोळ्या खाऊन टाकतात. याबाबत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

तोतलाडोहचं नाव कोणी काढायच्या आधीच सांगतो, तो पेंच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथं मासेमारी हा गुन्हा आहे.

---

गळवाला_मानेवाडा

भाऊ लोक, ताई, मन भरून आलं. एवढं कोणी सांगत नाही. काठावरून खेळायचं ठरवलं, बेडूक ऑर्डर करून राह्यलो. पण वडगावला पलीकडच्या काठाला जायला बोट लागतेच, रस्ता नाही तिकडे. म्हणून इंजिन की बॅटरी यावर कोणी हिशोब सांगा ना. अन् चौघं बसलो की बोट समोरून उचलते अन् पळत नाही, ते का?

---

मोटर_मेकॅनिक_कळमना

समोरून उचलते म्हणजे बोट स्वतःच्याच लाटेवर चढायचा प्रयत्न करून राह्यली. चौदा फुटाच्या बोटीत चार माणसं, सामान, बॅटरी, बर्फाचा डबा, एवढं वजन 9.9 चं इंजिन पाण्यावर उचलू शकत नाही. अशा वेळी पूर्ण थ्रॉटल दिला की पेट्रोल पूर्ण जाते अन् वेग वाढतो थोडासाच. थ्रॉटल इतका कमी करा की बोटीचं नाक खाली येईल अन् मागची लाट लहान होईल, तिथं ठेवा. वेग थोडा कमी, पेट्रोल जवळपास अर्धं. नाहीतर दोघं-दोघं जा, तेव्हा बोट खरंच उचलेल. अन् दोघांना मागे बसू देऊ नका, वजन मध्ये-पुढे घ्या.

वरच्या दादांचा दहाव्या हिश्श्याचा नियम लावला तर 9.9 ला पूर्ण थ्रॉटलवर तासाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. जुनं टू-स्ट्रोक असेल तर आणखी वर, साडेचार-पाच धरा. लिटर 105 धरला तर तासाला पाचशेच्या आसपास. ऑइल पन्नासास एक असेल तर लिटरमागे वीस मिली, त्याचाही खर्च धरा, पण ऑइल कमी टाकून पैसे वाचवू नका, पिस्टन जाम होते. इंजिनाच्या पुस्तकात जे प्रमाण असेल तेच.

आता एक हिशोब तुम्ही केलेलाच दिसत नाही. नागपूर ते पवनी जाऊन येऊन 180 किलोमीटर धरा. साधी गाडी पंधराचा अॅव्हरेज देत असेल तर बारा लिटर. मागे ट्रेलर लावला की अॅव्हरेज नऊ-दहावर येते, म्हणजे अठरा ते वीस लिटर. पाण्यावर तुम्ही पाच-सहा लिटर जाळता अन् फक्त ट्रेलर ओढायला रस्त्यावर सहा-आठ लिटर जास्तीचं. वैनगंगाकाठ भाऊ म्हणतात तसं डोंगा भाड्याने घेतला तर हे दोन्ही खर्च जातात, उरलेल्या पैशात त्याची मजुरी निघते.

दुसरं, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढते. बोटीची टाकी अर्धी भरून दोन महिने ठेवली तर खाली पाणी बसते अन् जुन्या टू-स्ट्रोकचे रबरी पाइप, कार्बोरेटरच्या डायफ्रामचे रबर खराब होतात. जेवढं लागेल तेवढंच भरा. घरी आल्यावर पेट्रोलचा पाइप काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा, अन् तेही बिना पाण्याचं नाही, ड्रममध्ये पाणी भरून त्यात इंजिन बुडवून, नाहीतर पंपाचा रबरी पंखा जळते. अन् पेट्रोल पाण्याच्या बाटलीत नेऊ नका, झाकणाची धातूची कॅन घ्या, उन्हात उघडी ठेवू नका.

बॅटरीचं सांगतो. 12 व्होल्टची 55 पाउंड थ्रस्टची, म्हणजे ढकलायच्या ताकदीची, मोटर पूर्ण वेगाला पन्नास अँपिअरच्या आसपास ओढते. 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी असली तर पूर्ण वेगाला दोन तास, पण कोणी पूर्ण वेगाला चालवत नाही, दोन-तीन नंबरवर हळूहळू सरकलं तर सकाळ आरामात निघते. साधी लेड-अॅसिड घेतली तर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर लवकर मरते, म्हणजे तेवढीच बॅटरी पण वापर अर्धा. वजनही पाहा, लिथियम बारा किलोच्या आसपास, लेड-अॅसिड पंचवीस-तीस. चार्जिंगला दीड युनिट लागते, वीस रुपये धरा. पाचशेच्या जागी वीस. बॅटरी-मोटरचा सुरुवातीचा खर्च मात्र मोठा आहे, म्हणून महिन्यातून एकदाच जाणार असाल तर पैसे निघायला वर्षं लागतील, दर रविवारी जात असाल तर घ्या.

फक्त वडगावसारख्या मोठ्या पाण्यावर एकट्या बॅटरीवर विसंबू नका. मे महिन्यात दुपारनंतर वावधान उठते, समोरून वारा आला तर 55 पाउंडची मोटर बोटीला जागच्या जागी ठेवते. दोन वल्ही अन् प्रत्येकाला लाइफ जॅकेट असलंच पाहिजे, पोहता येते म्हणून जॅकेट नको असं म्हणणाऱ्याला बोटीत घेऊ नका.

---

वैनगंगाकाठ

वाऱ्याचं बरोबर बोलले मेकॅनिकभाऊ. पश्चिमेकडं आभाळ काळं दिसलं अन् वारा एकदम पडला, पान हलत नाई असं झालं, की दहा-पंधरा मिनिटात वावधान येते. तवा मासोळी लागत असली तरी काठ धरा.

---

पाण्यातला_प्राणवायू

बॅटरीच्या मोटरला जलपर्णी फार त्रास देते, मुळं पंख्याला गुंडाळतात अन् मोटर जास्त करंट ओढून तापते. सोबत लहान कात्री ठेवा, अन् जलपर्णीत शिरायच्या आधी मोटर वर उचला. तिथं वल्हंच बरं, मरळीलाही आवाज जात नाही. अन् दुसऱ्या तलावावर जायच्या आधी बोट, पंखा, ट्रेलर नीट धुऊन वाळवा. जलपर्णीचा एक तुकडा मकरधोकड्यातून वडगावला गेला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काठ भरून जाईल.

---

गळवाला_मानेवाडा

ठरलं मग. ट्रेलर पावसाळा संपेपर्यंत घरी. या रविवारी दोघं मकरधोकड्याला काठावरून, अन् दोघं पवनीला डोंग्यावर. @वैनगंगाकाठ भाऊ, तुमच्या गावातल्या डोंगावाल्याशी बोलून ठेवा ना, मजुरी ते म्हणतील ती देऊ, घासाघीस करणार नाही. पहाटे साडेचारला कुठं पोचायचं तेवढं मेसेज करून सांगा. नागनदीचं जे लिहिलं ते वाचून वाईट वाटलं, आमच्या वॉर्डात पावसाळ्याच्या आधी नाल्याची सभा असते, तिथं हा विषय लावून धरतो, तुमच्याकडे जाळ्याला लागलेल्या त्या काळ्या गाळाचे फोटो असतील तर पाठवा.

---

वैनगंगाकाठ

पाठवतो फोटो, पुष्कळ हायेत. काकाले सांगतो, त्याचा डोंगा रविवारी मोकळाच राह्यते. येतानी बर्फ आना, इकडं पहाटे भेटत नाई.